चेंगराचेंगरी कुणी केली?

मराठीत काही शब्द असे आहेत की त्यांत कर्ता शोधून सापडत नाही. मारामारी, ढकलाढकली, पळापळ, चेंगराचेंगरी. मारामारी झाली म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांना मारलं, पहिला हात कुणी उचलला ते विचारायचं नाही. ‘चेंगराचेंगरी झाली, इतकी माणसं गेली’ या बातमीचंही तसंच होतं. कुणी चेंगरलं? एकमेकांनी एकमेकांना. वाक्य व्याकरणात पूर्ण आणि चौकशीही तिथेच पूर्ण.

तरी मराठी शब्द एका बाबतीत बाकीच्यांपेक्षा खरा आहे. हिंदीतल्या ‘भगदड’मध्ये पळणं आहे. इंग्रजीतल्या ‘स्टँपीड’मध्ये बिथरलेल्या गुरांचा कळप आहे. दोन्ही शब्द ऐकले की डोळ्यांपुढे धावणारी, एकमेकांना तुडवणारी माणसं येतात. प्रत्यक्षात अशा बहुतेक दुर्घटनांत धावायला जागाच नसते. माणसं उभ्याउभ्या मरतात, श्वास न घेता आल्यामुळे. चेंगरणं हाच नेमका शब्द आहे.

हा विषय आज घ्यायचं कारण गेल्या दोनेक वर्षांची यादी. २ जुलै २०२४, हाथरस, सत्संग संपल्यावर १२१ मृत्यू. २९ जानेवारी २०२५, प्रयागराजचा कुंभ, सरकारने तेव्हा सांगितलेला आकडा ३०. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १५ फेब्रुवारीला, नवी दिल्ली रेल्वे स्थानक, १८. ४ जूनला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ११. २७ सप्टेंबरला तमिळनाडूत करूरची प्रचारसभा, ४१. धार्मिक मेळावा, रेल्वे, क्रिकेट, राजकारण, सगळे प्रकार आले. दर वेळी तीच दोन कारणं सांगितली गेली, ‘अपेक्षेपेक्षा जास्त गर्दी’ आणि ‘अचानक गोंधळ’. ही दोन्ही कारणं कितपत खरी असतात ते आधी पाहू, मग कायद्याकडे येऊ.

एका चौकोनात किती माणसं

जमिनीवर खडूने एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद चौकोन आखा. त्यात दोन माणसं उभी असतील तर मोकळेपणाने चालता येतं. तीन-चार असतील तर चालता येतं, पण दुसऱ्याच्या गतीने. पाच झाली की खांद्याला खांदा लागतो, चालणं थांबून सरकणं सुरू होतं. सहा-सातपर्यंत गेलं की एक विचित्र गोष्ट घडते, गर्दी माणसांची राहत नाही, पाण्यासारखी होते. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या पोर्ट ऑथॉरिटीत काम केलेले अभियंता जॉन फ्रुइन यांनी याचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांनी नोंदवलंय की चौरस मीटरला सातच्या आसपास माणसं झाली की गर्दीतून लाटा जातात. लाट आली की माणूस जमिनीवरून उचलला जातो आणि तीन मीटर किंवा त्याहूनही दूर फेकला जातो. पायांतली चप्पल तिथेच राहते. दुर्घटनेनंतरच्या फोटोंत चपलांचा ढीग दिसतो, तो माणसं पळाली म्हणून पडलेला असतो असं आपण समजतो. पुष्कळदा तो माणसं उचलली गेल्याचा पुरावा असतो.

अशा काही दुर्घटनांनंतर लोखंडी कठडे वाकलेले आढळले. ते वाकवायला साडेचार हजार न्यूटनहून जास्त बळ लागलं असणार, म्हणजे छातीवर साडेचारशे किलो वजन ठेवल्यासारखं. बरगड्या मोडायचीही गरज पडत नाही. श्वास घेताना छाती फुगावी लागते आणि तिला फुगायला जागा नसते, एवढं पुरतं. पुढच्या रांगेतला माणूस गुदमरत असतो तेव्हा मागच्या रांगेतल्याला ते कळतही नाही. तो फक्त एक पाऊल पुढे टाकतो, जरासा रेटतो. शंभर माणसांचा जरासा रेटा एका छातीवर जमा होतो. यात कुणीही दुष्ट नसतो, आणि बहुतेक वेळा घाबरलेलंही नसतं. घबराट नंतर येते, श्वास कोंडल्यावर.

२०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञाननियतकालिकात एक अभ्यास आला. स्पेनमधल्या पाम्प्लोना शहराच्या सान फर्मिन उत्सवाची सुरुवात होते तेव्हा चौकात हजारो माणसं दाटतात. वरून कॅमेरे लावून संशोधकांनी ती गर्दी टिपली. घनता एका मर्यादेपलीकडे गेली की शेकडो माणसं एकदम, कुणी न ठरवता, गोल झोके घेऊ लागतात आणि एक झोका साधारण अठरा सेकंदांचा असतो. तशीच हालचाल त्यांना जर्मनीत २०१० मध्ये ड्युइसबुर्गच्या ‘लव्ह परेड’ या संगीत महोत्सवात झालेल्या दुर्घटनेच्या चित्रणात दिसली. याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. कॅमेऱ्यावर लक्ष ठेवणाऱ्याला हे झोके दिसले तर ते धोक्याच्या आधीचे असतात. म्हणजे ‘अचानक’ या शब्दातली बरीच हवा निघून जाते.

मुंबईकर इथे हसणार, कारण आपल्या लोकलसाठी रेल्वेकडेच ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा शब्द आहे, चौरस मीटरला चौदा ते सोळा उभे प्रवासी. मग रोज डब्यात माणसं का चेंगरत नाहीत? माझ्या समजुतीप्रमाणे फरक मागच्या रांगेचा आहे. डब्यात रेटणाऱ्यांची रांग काही फुटांवर पत्र्याला संपते. रस्त्यावर, जिन्यावर, बोळात ती शंभर मीटर लांब असू शकते आणि मागून नवी माणसं येतच राहतात. लोकल सुरक्षित आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ धावत्या लोकलच्या दारांतून पडून माणसं गेली. ती गर्दीचीच बळी, फक्त त्या दुर्घटनेला नाव वेगळं मिळालं.

जिन्याचं गणित

आता ‘अपेक्षेपेक्षा जास्त गर्दी’. इथे थोडं गणित करू, पाचवीच्या मुलाला जमेल असं.

क्रीडांगणांच्या सुरक्षेसाठी ब्रिटनमध्ये एक मार्गदर्शिका आहे, तिच्या हिरव्या मुखपृष्ठामुळे तिला ‘ग्रीन गाइड’ म्हणतात. सपाट वाटेवरून एक मीटर रुंदीतून एका मिनिटात जास्तीत जास्त ८२ माणसं जातील असं ती धरते. जिन्यावर ६६. पूर्वी हे आकडे १०९ आणि ७३ होते, ते पुढे कमी केले.

समजा एका स्थानकातला जिना दोन मीटर रुंद आहे. मिनिटाला १३२ माणसं. दर तीन मिनिटांनी गाडी येते आणि हजार माणसं उतरून याच जिन्याकडे वळतात, म्हणजे मिनिटाला ३३३. दर मिनिटाला दोनशे माणसं जिन्याच्या तोंडाशी जास्तीची साचतात. पाच मिनिटांत हजार. त्यात पाऊस आला आणि खाली पोहोचलेले छत्री उघडायला शेवटच्या पायरीवर थांबले, तर १३२ चे साठ होतात. एका बाजूला फेरीवाला बसला असेल तर रुंदीच कमी. यात अपेक्षेपेक्षा जास्त काही नाही. गाड्यांचं वेळापत्रक छापील आहे आणि जिन्याची रुंदी टेपने मोजता येते.

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर हेच झालं. सकाळची वेळ, जोराचा पाऊस, भिजायला नको म्हणून जिन्यावर आणि पुलावर थांबलेले लोक आणि त्यांत नव्या गाड्यांतून उतरून येणारे प्रवासी. २३ जण गेले. फूलवाल्याचं ‘फूल गिर गया’ कुणीतरी ‘पुल गिर गया’ असं ऐकलं ही गोष्ट तुम्हीही वाचली असेल. वाचलेल्या एका मुलीने तसं सांगितल्याचं तेव्हा छापून आलं होतं. खरी असेलही. पण या गोष्टीचं मला नेहमी नवल वाटतं ते वेगळ्या कारणाने. एका शब्दाच्या गैरसमजाने जर २३ माणसं मरत असतील तर त्याआधी तो पूल कुठल्या अवस्थेला पोहोचलेला होता? अफवा ही काडी, गवत आधीच वाळलेलं. लष्कराने तिथे नवा पादचारी पूल बांधला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये, म्हणजे पाच महिन्यांत, तो सुरू झाला. इतक्या लवकर होऊ शकत होतं तर.

महाराष्ट्रातला सर्वांत मोठा प्रसंग २५ जानेवारी २००५ चा, वाईजवळच्या मांढरदेवीच्या काळूबाईच्या यात्रेतला. डोंगरावरची अरुंद पायवाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं, मग आग आणि सिलिंडरचे स्फोट. अडीचशेहून जास्त माणसं गेली. त्याआधी २७ ऑगस्ट २००३ ला नाशिकच्या कुंभात रामकुंडाकडे जाणाऱ्या चिंचोळ्या उतारावर ३९. भारतातल्या अशा दुर्घटनांपैकी ७९ टक्के धार्मिक मेळाव्यांत आणि यात्रांत झाल्याचं २०१३ च्या एका अभ्यासात आढळलं होतं. भाविक बेशिस्त असतात म्हणून हे होतं असं म्हणणाऱ्यांनी जागा पाहाव्यात. आपली जुनी तीर्थं डोंगरावर, नदीकाठच्या घळीत, अरुंद गल्ल्यांच्या शेवटी आहेत, आणि सगळ्यांना एकाच तिथीला, एकाच मुहूर्ताला तिथे पोहोचायचं असतं. जागा कमी, वेळही कमी.

याच्या उलट वारी पाहा. लाखो माणसं, अठरा-एकोणीस दिवस, आणि चालणं सगळ्यांचं एकाच दिशेने. शिवाय ती लाखांची गर्दी म्हणून चालतच नाही, दिंडी म्हणून चालते. रथापुढची अमुक नंबरची दिंडी, रथामागची तमुक नंबरची, प्रत्येकीचा विणेकरी, प्रत्येकीची ठरलेली जागा आणि सगळ्यांवर चोपदाराचा दंड. गर्दीशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर मोठा जमाव छोट्या गटांत तोडलेला आहे, गटांमध्ये अंतर आहे आणि पुढची खबर मागे पोहोचवायची सोय आहे. फ्रुइन यांनी गर्दीच्या दुर्घटनेचे चार घटक सांगितले: बळ, माहिती, जागा, वेळ. दिंडीच्या रचनेत चारही आलेत, कुणी शास्त्र म्हणून शिकवलेलं नसताना. गर्दी दाटते ती वाटेवर नव्हे, पोहोचल्यावर, मंदिराच्या तोंडाशी. म्हणून तिथे दर्शनबारी लागते.

आता कायदा

दुर्घटनेनंतर टीव्हीवर पहिली पट्टी येते, ‘आयोजकांवर गुन्हा दाखल’. कोणत्या कलमाखाली दाखल झाला त्यावर पुढचं बरंच अवलंबून असतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. हाथरसची दुर्घटना त्याच्या दुसऱ्याच दिवशीची, त्यामुळे नव्या संहितेखालच्या पहिल्या मोठ्या गुन्ह्यांपैकी ती एक. अशा प्रकरणात दोन कलमं महत्त्वाची. कलम १०६, हयगयीने मृत्यू. जुन्या ३०४ अ कलमात याला जास्तीत जास्त दोन वर्षं होती, आता पाच. दुसरं कलम १०५, खून न ठरणारा सदोष मनुष्यवध. मारायचा हेतू नव्हता, पण आपल्या कृतीने माणूस मरू शकतो याची जाणीव होती, तर दहा वर्षांपर्यंत.

दोन्हींतला फरक ‘माहीत असायला हवं होतं’ आणि ‘माहीत होतं’ यांच्यातला आहे. हाथरसच्या प्राथमिक माहिती अहवालात म्हटलं होतं की परवानगी ८० हजार लोकांसाठी मागितली आणि आले अडीच लाखांवर. करूरच्या सभेची परवानगी दहा हजारांच्या अंदाजावर होती, पोलिसांच्या सांगण्याप्रमाणे आले २७ हजार, आणि नेता कित्येक तास उशिरा पोहोचला. अर्जात आकडा कमी लिहायचा ही आपल्याकडची जुनी युक्ती आहे, कारण आकडा वाढला की अटी वाढतात. पण अर्ज हा लेखी पुरावा असतो, आणि न्यायालयात तो उलटतो. आयोजकाने स्वतःच्या जाहिरातीत ‘लाखोंच्या संख्येने उपस्थित राहा’ म्हटलं असेल तर मग माहीत नव्हतं असं कसं म्हणणार?

आयोजकाचं ठीक, पण परवानगी देणाऱ्याचं काय? सरकारी सेवकाने कर्तव्य बजावताना केलेल्या कृतीबद्दल न्यायालयाला त्याच्यावरच्या गुन्ह्याची दखल घ्यायची तर आधी सरकारची मंजुरी लागते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १९७ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २१८. नव्या कलमात एक चांगली भर आहे. सरकारने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही तर मंजुरी दिली असं समजलं जातं. फाइल टेबलावर झोपवून ठेवायची वाट तेवढी अरुंद झाली.

मग निलंबन. बंगळुरूच्या घटनेनंतर पोलीस अधिकारी निलंबित झाले. त्यांतल्या एकाच्या अर्जावर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने जुलै २०२५ मध्ये म्हटलं की पोलीसही माणसंच आहेत, देव किंवा जादूगार नाहीत, त्यांच्याकडे अल्लाउद्दिनचा दिवा नसतो. विजय मिरवणुकीचं निमंत्रण समाजमाध्यमावरून दिलं गेलं आणि पोलिसांना तयारीला वेळच मिळाला नाही, असा त्याचा रोख होता. वेळ हा फ्रुइन यांचा चौथा घटक, तो इथे न्यायाधिकरणाच्या आदेशात येऊन बसला. पुढे कर्नाटक सरकारने गर्दी नियंत्रणासाठी स्वतंत्र विधेयकही मांडलं.

महाराष्ट्रात पोलिसांकडे अधिकार नाहीत असं नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३३ खाली पोलीस आयुक्तांना किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांना सभा, मिरवणुका, सार्वजनिक करमणुकीच्या जागा यांसाठी नियम करता येतात. जमावबंदीसाठी जुनं १४४, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये गर्दीच्या व्यवस्थापनावर सविस्तर मार्गदर्शिका काढली. ती चांगली आहे. अडचण एवढीच की मार्गदर्शिका मोडली म्हणून तेवढ्यावरून कुणी तुरुंगात जात नाही. परवान्यातल्या अटी ‘योग्य बंदोबस्त ठेवावा’, ‘पुरेसे स्वयंसेवक नेमावेत’ अशा भाषेत असतात. योग्य म्हणजे किती आणि पुरेसे म्हणजे किती? जिथे आकडा नाही तिथे अट मोडल्याचं सिद्ध करता येत नाही. बाहेर जाण्याच्या वाटांची एकूण रुंदी अमुक मीटर, आत तमुकपेक्षा जास्त माणसं नाहीत, मोजणीची जबाबदारी ढमुक व्यक्तीवर, असं लिहिलं तर ती अट खरी.

ब्रिटनने हे आकड्यांत आणलं, पण मेलेल्या माणसांच्या हिशेबानेच. १९७१ मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स या फुटबॉलच्या मैदानात जिन्यावर ६६ जण गेले. त्यातून १९७३ ची ग्रीन गाइड आणि १९७५ चा क्रीडांगण सुरक्षा कायदा आला, मैदानाला सुरक्षा प्रमाणपत्र सक्तीचं झालं. तरी १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात फुटबॉल सामन्याच्या वेळी चेंगराचेंगरी झाली. प्रमाणपत्र होतं की, १९७९ चं! मधल्या दहा वर्षांत मैदानात फेरफार झाले, कागद तसाच राहिला. बाहेर कोंडी झाली म्हणून पोलिसांनी एक मोठं फाटक उघडलं, पण आतला बोगदा बंद केला नाही. आधीच भरलेल्या कुंपणबंद भागात आणखी हजारो गेले. बळींची संख्या आज ९७ धरतात, शेवटचा माणूस ३२ वर्षांनी, २०२१ मध्ये गेला.

त्या दिवशी बंदोबस्ताच्या प्रमुखाने सांगितलं की चाहत्यांनी फाटक तोडलं. ते खोटं होतं, आणि तसं त्याने २०१५ मध्ये मान्य केलं. २०१६ मध्ये ज्यूरीने निकाल दिला की हे मृत्यू बेकायदा घडवलेले होते, चाहत्यांचा त्यात दोष नव्हता. म्हणजे ‘त्यांनी एकमेकांना चेंगरलं’ हे वाक्य पुसायला सत्तावीस वर्षं लागली. त्या प्रमुखावर खटला चालला आणि २०१९ मध्ये तो निर्दोष सुटला. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने एक विधेयक मांडलं, हिल्सबरोच्या कुटुंबांच्या मागणीवरून. दुर्घटनेच्या चौकशीत सरकारी यंत्रणांनी खरं सांगणं हे कायदेशीर कर्तव्य ठरावं, असा त्याचा गाभा आहे. खरं बोलण्यासाठी कायदा करावा लागतो हे वाचून वाईट वाटतं, पण आपल्याकडेही तो चालेल.

आयोजकच नसेल तर? दक्षिण कोरियात सोलच्या इटेवॉन भागात २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री तेच झालं. हॅलोविनसाठी तरुण मुलं आपापली जमली, कुणाचा कार्यक्रम नाही, कुणाचा अर्ज नाही. एक उताराचा बोळ, अरुंद जागी जेमतेम ३.२ मीटर. १५९ बळी. प्रत्येक यंत्रणेकडे एकच उत्तर होतं, आयोजक नव्हता म्हणून आराखडा नव्हता. आपल्याकडे सामना जिंकल्यावर रस्त्यावर उतरणारी गर्दी, सणाला बाजारपेठेत उसळणारी, विसर्जनाच्या रात्री चौकात थबकणारी, सगळ्या याच प्रकारच्या. परवान्यावर उभा असलेला कायदा यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. तिथे जागा ज्याच्या ताब्यात, त्याची जबाबदारी, असंच धरावं लागेल.

पैशांची भाषा

मृतांच्या नातेवाइकांना पाच लाख, दहा लाख जाहीर होतात. शासन निर्णयातला शब्द असतो ‘सानुग्रह मदत’. अनुग्रह म्हणजे कृपा. सरकार दयाळू आहे म्हणून देतं, चूक कबूल करून नव्हे. नुकसानभरपाई हा वेगळा हक्क आहे, त्यात कुणाची तरी चूक ठरते आणि माणसाचं वय, कमाई, त्याच्यावर अवलंबून असणारे यांचा हिशेब होतो. सानुग्रह रक्कम घेतली म्हणून भरपाईचा हक्क आपोआप जात नाही, हे कुटुंबांना कुणीतरी सांगायला हवं.

या बाबतीत एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. २००६ मध्ये मेरठच्या एका प्रदर्शनात आग लागून ६५ जण गेले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये आयोजक आणि राज्य सरकार यांची जबाबदारी ६० आणि ४० टक्के अशी वाटली. ठेकेदाराने मांडव घातला, आमचा संबंध नाही, हा आयोजकांचा बचाव टिकला नाही, आणि परवानग्यांकडे डोळेझाक केल्याचा भार सरकारवरही पडला. घटना आगीची होती, पण लोक बोलावणाऱ्याची जबाबदारी कुठवर जाते ते त्यातून कळतं.

चौकशी आयोगाबद्दल दोनच गोष्टी. १९५२ च्या कायद्याखालचा आयोग शिफारस करतो, शिक्षा देत नाही. त्याचा अहवाल, त्यावर काय केलं याच्या टिपणासह, सहा महिन्यांत विधिमंडळापुढे ठेवायचा असतो. हे सहा महिने मोजायला मात्र कुणी बसत नाही.

तुमच्या हातात काय

नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ येतो आहे, मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. २०१५ च्या सिंहस्थात पायाखाली चटया अंथरून येणारी माणसं मोजण्याचा प्रयोग एका शाळकरी मुलाने आणि त्याच्या सोबत्यांनी केला होता. मोजता येतं एवढं त्यातून दिसलं. माहिती अधिकारात आत्ताच विचारण्यासारखे प्रश्न आहेत: अमुक घाटावर एका वेळी किती माणसं धरली आहेत, तो आकडा कोणत्या मापांवरून काढला, बाहेर जाणाऱ्या वाटांची रुंदी किती, आकडा पार झाला की प्रवेश थांबवायचा अधिकार कोणत्या हुद्द्याकडे. चौथ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत बोलकं असतं.

गर्दीत सापडलात तर खुणा शरीरच देतं. दोन्ही खांदे एकाच वेळी अनोळखी खांद्यांना टेकले की निघायचा विचार करा. हात वर नेऊन स्वतःच्या नाकाला लावता येत नसेल तर उशीर होत आलाय. हात छातीपुढे घडी करून धरा, बरगड्यांपुढे चार बोटं जागा राहील असे. लाटेच्या विरुद्ध जोर लावू नका. ती ओसरते तेव्हा तिरकं तिरकं कडेला सरका. भिंत, कठडा, खांब यांच्याकडे मात्र नाही. पडलेली वस्तू उचलायला वाकू नका, मोबाइल असला तरी. ओरडण्यात श्वास घालवू नका. पडलात आणि उठता येईना तर कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्या, डोकं हातांत. मूल बरोबर असेल तर छातीपाशी उचला, कमरेच्या उंचीवर हवा कमी असते. आणि मागे असाल तर रेटू नका. पुढे काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही, हे गृहीतच धरा.

इटेवॉनला पहिला फोन पोलिसांना संध्याकाळी ६ वाजून ३४ मिनिटांनी गेला होता. इथे माणसं चेंगरून मरतील असं वाटतंय, असं तो फोन करणारा म्हणाला. त्यानंतर आणखी दहा फोन गेले, दुर्घटना सव्वादहाच्या सुमारास झाली. तेव्हा ११२ ला फोन लावाल तेव्हा ‘इथे खूप गर्दी आहे’ म्हणू नका, ते त्यांना रोज ऐकायला मिळतं. बोळाचं किंवा जिन्याचं नाव सांगा, लोकांना हात हलवता येत नाहीयेत, श्वास घेता येत नाहीये असं सांगा आणि कोणत्या टोकाकडून माणसं येणं थांबवायला हवं ते सांगा. फोनची वेळ लिहून ठेवा.